सिझेरियन प्रसूतीतील जोडशस्त्रक्रिया व संवेदनाहरण

पोटाची भिंत व गर्भाशय यांना छेद देऊन मूल बाहेर काढण्याच्या क्रियेस सिझेरियन शस्त्रक्रिया म्हणतात. पोट उघडे असतानाच, किंवा त्यासाठी दिलेले संवेदनाहरण टिकून असताना, त्याच स्त्रीवर दुसरी एखादी लहान शस्त्रक्रिया करण्यात येते, तिला येथे जोडशस्त्रक्रिया असे म्हटले आहे. दोन्ही अंडवाहिन्या बांधून व कापून संततिप्रतिबंधन करणे ही भारतात सर्वांत अधिक वेळा केली जाणारी जोडशस्त्रक्रिया होय. अंडकोशावरील द्रवार्बुद काढणे, गर्भाशयाला देठाने लोंबणारे तंतुस्नायू अर्बुद काढणे व नाभीजवळचा अंतर्गळ दुरुस्त करणे ही इतर उदाहरणे होत. संवेदनाहरण या संज्ञेत येथे वेदना नाहीशी करण्याच्या सर्व पद्धती अंतर्भूत आहेत; ज्या पद्धतीत रुग्णाची जाणीवही नाहीशी होते तिला पूर्ण शुद्धिहरण म्हणतात. व्यवहारात या सर्वांना भूल हा एकच शब्द रूढ आहे.

अशा प्रसंगी संवेदनाहरणाची निवड दोन शस्त्रक्रियांची बेरीज करून होत नाही. आई व मूल यांच्या दृष्टीने सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी जी पद्धत सर्वांत सुरक्षित असेल तीच निवडावयाची, आणि जोडशस्त्रक्रिया त्या पद्धतीच्या व्याप्तीत व कालमर्यादेत बसत असेल तरच करावयाची, असा नियम आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या सोयीसाठी पहिलीचे संवेदनाहरण बदलणे किंवा अधिक खोल करणे हे सामान्यतः अयोग्य समजतात. हा नियम साधा दिसला, तरी तो मोडण्याचा मोह होण्यासारखे प्रसंग पुष्कळ येतात.

अंडवाहिनीबंधनाचा इतिहासच जोडशस्त्रक्रियेपासून सुरू होतो. अमेरिकेतील ओहायओ राज्यातील टोलीडो येथील एस. एस. लंग्रेन यांनी १८८० मध्ये एका स्त्रीची दुसरी सिझेरियन शस्त्रक्रिया करताना तिच्या अंडवाहिन्या रेशमी धाग्याने बांधल्या. पोट पुन्हा उघडण्याचा प्रसंग येऊ नये हा त्यामागील हेतू होता. कारण त्या काळी सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्या स्त्रिया थोड्या असत. प्रसूतीत वेदनाहरणाचा उपयोग त्याआधी तेहतीस वर्षे सुरू झाला होता. एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्पसन यांनी जानेवारी १८४७ मध्ये ईथर व त्याच वर्षाच्या अखेरीस क्लोरोफॉर्म वापरले. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरिया यांना प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिल्यानंतर या पद्धतीस असलेला सामाजिक विरोध बराच मावळला.

गर्भावस्थेतील विशेष धोके : पूर्ण दिवस भरलेल्या स्त्रीचे शरीर संवेदनाहरणाच्या दृष्टीने इतर स्त्रियांपेक्षा वेगळे असते. वाढलेल्या गर्भाशयामुळे जठर वर ढकलले जाते व त्याच्या तोंडाशी असलेली झडपेसारखी स्नायूंची पकड सैल पडते. प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर जठर रिकामे होण्याची क्रियाही मंदावते. अशा स्थितीत शुद्ध हरपल्यास जठरातील अम्लयुक्त द्रव घशात येऊन फुप्फुसांत शिरू शकतो. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथील ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासून असे ६६ प्रसंग वर्णन केले. या विकारास त्यांचेच नाव मिळाले आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी घन अन्न सहा ते आठ तास व पाणी किंवा तत्सम स्वच्छ द्रव दोन तास बंद ठेवणे, तसेच अम्लाचे उदासिनीकरण करणारे सोडियम सायट्रेट पाजणे, या प्रथा त्यातूनच रूढ झाल्या.

दुसरा धोका श्वसनमार्गाचा. गर्भावस्थेत घसा व श्वासनालाच्या तोंडाचा भाग सुजट होतो, स्तन मोठे झालेले असतात व त्यामुळे श्वासनालात नळी घालणे अवघड जाते. पूर्ण शुद्धिहरण दिलेल्या प्रसूतींत सुमारे तीनशे ते चारशे प्रसंगांत एकदा नळी घालण्यात अपयश येते. इतर शस्त्रक्रियांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. शिवाय उच्छ्वासानंतर फुप्फुसांत उरणारी हवा सुमारे एकपंचमांशाने घटलेली व ऑक्सिजनाची गरज तेवढ्याच प्रमाणात वाढलेली असल्याने श्वसन थांबताच रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो.

तिसरी गोष्ट रक्ताभिसरणाची. स्त्री उताणी झोपली असता जड गर्भाशय अधोमहानीला व महारोहिणी यांवर दाब देते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते व रक्तदाब घसरतो. म्हणून उजव्या नितंबाखाली उशी किंवा पाचर ठेवून शरीर सुमारे १५ अंशांनी डावीकडे कलते ठेवतात. गर्भाशयातून दर मिनिटास सुमारे ७०० मिलि. रक्त वाहत असते. प्रसूतीनंतर गर्भाशय घट्ट आकुंचन पावले नाही, तर किती वेगाने रक्तस्राव होऊ शकेल याची कल्पना या आकड्यावरून येईल. जोडशस्त्रक्रियेचा विचार करताना याच आकड्याचे विस्मरण होण्याचा संभव असतो.

मेरुरज्जू संवेदनाहरण : कमरेतील दोन मणक्यांच्या मधून बारीक सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रवात संवेदनाहारक औषध सोडणे ही सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी आज सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत आहे. जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये ती प्रथम वापरली. स्वतःवर प्रयोग करवून घेतल्यानंतर त्यांना कित्येक दिवस डोकेदुखी सोसावी लागली. ही डोकेदुखी सुईच्या छिद्रातून द्रव पाझरत राहिल्याने होते. पेन्सिलीच्या टोकासारख्या अग्राच्या, केसासारख्या बारीक सुया आल्यापासून तिचे प्रमाण पुष्कळ घटले आहे.

या पद्धतीत सामान्यतः ०·५ टक्के जड ब्युपिव्हाकेनाचे सुमारे दोन मिलि. म्हणजे १० ते १२ मिग्रॅ. देतात. गर्भावस्थेत मेरुद्रवाची जागा संकुचित झालेली असल्याने एवढी लहान मात्रा पुरते. औषधात शर्करा मिसळलेली असल्यामुळे ते मेरुद्रवाहून जड होते व रुग्णाची स्थिती बदलून त्याचा प्रसार काही अंशी नियंत्रित करता येतो. छेद ओटीपोटावर असला, तरी बधिरता मात्र स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत, म्हणजे चौथ्या वक्षीय तंत्रिकेपर्यंत चढावी लागते. पर्युदर व गर्भाशय ओढले जाताना उत्पन्न होणाऱ्या संवेदना पुष्कळ वरच्या तंत्रिकांतून मेरुरज्जूत शिरतात हे त्याचे कारण होय. पातळी तपासताना नुसता थंडपणा जाणवतो की नाही एवढ्यावर न थांबता हलका स्पर्शही जाणवत नाही ना, हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरले आहे.

बधिरता चढताच रक्तवाहिन्या शिथिल होऊन रक्तदाब उतरतो. त्याचा परिणाम प्रथम गर्भाला जाणवतो, म्हणून शिरेतून द्रव देण्याबरोबरच रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध आरंभापासूनच देतात. पूर्वी एफेड्रीन प्रचारात होते. आता फेनिलएफ्रीन पसंत केले जाते.

जोडशस्त्रक्रियेच्या दृष्टीने महत्त्वाची मर्यादा काळाची आहे. एका मात्रेचा शस्त्रक्रियेस पुरेसा परिणाम साधारण दीड ते दोन तास टिकतो आणि वरच्या बाजूने तो आधी उतरू लागतो. साधी सिझेरियन शस्त्रक्रिया पाऊण ते एक तासात पूर्ण होते, त्यामुळे पाच-दहा मिनिटांचे अंडवाहिनीबंधन तीत सहज सामावते. परंतु आधीच्या सिझेरियनमुळे गर्भाशय, मूत्राशय व पोटाची भिंत एकमेकांना चिकटलेली असतील, तर मूल बाहेर येण्यासच बराच वेळ जातो. मूल निघाले, गर्भाशय शिवले गेले, तेव्हा नव्वद मिनिटे झालेली असतात आणि मग द्रवार्बुदाकडे वळावे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी घड्याळ पाहून उत्तर देणे हे शुद्धिहरणतज्ञाचे काम आहे, शल्यविशारदाचे नव्हे. औषधात फेंटानिलाचे १० ते २५ मायक्रोग्रॅ. मिसळल्यास अवयव ओढले जाताना होणारा त्रास कमी होतो व परिणाम थोडा लांबतो.

अंडवाहिनी किंवा अंडकोश बोटांत धरून ओढला जातो त्या क्षणी पुरेशी बधिरता असूनही काही स्त्रियांना पोटात खोल कळ येते, मळमळते किंवा घाम सुटतो. ओढ सैल करणे व वाहिनीवर लिग्नोकेनाचे थोडे द्रावण सोडणे हे साधे उपाय बहुधा पुरतात. परिणाम खरोखरच उतरत असेल, तर रुग्णाला गुंगीचे औषध देऊन काम रेटणे धोक्याचे असते, कारण श्वसनमार्ग असंरक्षित असताना ती धड जागीही नसते आणि धड शुद्धिहरणाखालीही नसते. अशा वेळी रीतसर पूर्ण शुद्धिहरण देणे किंवा जोडशस्त्रक्रिया तेथेच सोडून पोट बंद करणे, एवढेच दोन पर्याय राहतात. स्त्री वेदनेची तक्रार करीत असेल, तर ती खरी मानली पाहिजे. केवळ भीतीमुळे ती तसे म्हणते असे समजण्याची जुनी प्रवृत्ती अनिष्ट होय.

अधिदृढतानिका संवेदनाहरण : मेरुरज्जूभोवतालच्या दृढतानिका या आवरणाच्या बाहेरील पोकळीत बारीक नलिका ठेवून तीतून औषध देतात. प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी अशी नलिका आधीच घातलेली असेल, तर तीतूनच २ टक्के लिग्नोकेन एपिनेफ्रिनासह १५ ते २० मिलि. देऊन सिझेरियन करता येते. परिणाम हळूहळू चढतो व क्वचित एखाद्या बाजूस अपुरा राहतो, हे तिचे दोष. मात्र नलिकेतून पुन्हा पुन्हा औषध देता येत असल्याने कालमर्यादा उरत नाही, हा जोडशस्त्रक्रियेच्या दृष्टीने मोठा गुण आहे. शस्त्रक्रिया लांबणार असे आधीच दिसत असेल, उदा., मोठे द्रवार्बुद किंवा पूर्वीच्या दोन-तीन सिझेरियन शस्त्रक्रिया, तर मेरुरज्जू व अधिदृढतानिका या दोन्ही पद्धतींचा संयोग करतात. पहिलीचा वेग व दुसरीची लांबी असे दोन्ही लाभ त्यात मिळतात. रक्तातील बिंबाणूंची संख्या फार घटली असेल, रक्त गोठण्यात दोष असेल किंवा पाठीवर जंतुसंसर्ग असेल, तर सुई घालण्याच्या या सर्वच पद्धती वर्ज्य ठरतात.

पूर्ण शुद्धिहरण : वरील दोषांखेरीज गर्भाचे ठोके एकदम मंदावणे, प्रचंड रक्तस्राव चालू असणे किंवा मेरुरज्जू संवेदनाहरण अयशस्वी होणे, अशा प्रसंगी पूर्ण शुद्धिहरण द्यावे लागते. प्रथम शुद्ध ऑक्सिजन देऊन फुप्फुसे भरून घेतात. नंतर थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल व लगोलग सक्सामेथोनियम देऊन त्वरेने श्वासनालात नळी घालतात. या वेळी गळ्यातील वलयाकार कूर्चेवर दाब देऊन अन्ननलिका मिटवून धरण्याची युक्ती इंग्लंडमधील सेलिक यांनी १९६१ मध्ये सुचविली. तिच्या उपयुक्ततेबद्दल आता मतभेद असले, तरी पुष्कळ ठिकाणी ती चालू आहे. थायोपेंटोन वारेतून गर्भाकडे जाते, सक्सामेथोनियम जवळजवळ जात नाही. म्हणून छेद घेण्याची सर्व तयारी झाल्यावरच शुद्धिहरण सुरू करतात व मूल शक्य तितक्या लवकर बाहेर काढतात. नवजात बालकाची स्थिती एका मिनिटाने पाच लक्षणांवरून मोजण्याची पद्धत व्हर्जिनिया ॲप्गार यांनी १९५२ मध्ये मांडली. त्या बालरोगतज्ञ नसून शुद्धिहरणतज्ञ होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे.

रुग्ण बेशुद्धच आहे, तेव्हा आणखी एक काम करून घ्यावे, हा विचार पूर्ण शुद्धिहरणात सहज सुचतो. पण सेव्होफ्ल्युरेन, आयसोफ्ल्युरेन यांसारखी श्वसनातून दिली जाणारी शुद्धिहारके मात्रेच्या प्रमाणात गर्भाशयाचे स्नायू शिथिल करतात. जोडशस्त्रक्रियेसाठी त्यांची मात्रा वाढविल्यास ऑक्सिटोसिन देऊनही गर्भाशय नीट आवळले जात नाही व रक्तस्राव वाढतो. म्हणून मूल जन्मल्यानंतर श्वसनातून दिलेले शुद्धिहारक कमी ठेवून शिरेतून वेदनाशामके देतात. मात्र ते फारच कमी केल्यास रुग्णाला शस्त्रक्रियेची जाणीव राहण्याचा धोका असतो. या दोन्हींमधील वाट अरुंद आहे आणि प्रत्येक जादा मिनिट त्या वाटेवरच घालवावे लागते.

स्थानिक संवेदनाहरण व केटामीन : पोटाच्या भिंतीत थराथराने लिग्नोकेन टोचून सिझेरियन करणे शक्य असते, पण आज ते फारच क्वचित, अन्य पर्याय नसताना करतात. औषधाची विषारी मात्रा ओलांडण्याची भीती असल्याने अशा वेळी जोडशस्त्रक्रियेचा विचार करीत नाहीत. केटामीन रक्तदाब टिकवून धरते म्हणून रक्तस्राव झालेल्या रुग्णात व अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयांत त्याचा उपयोग होतो. ग्रामीण रुग्णालयांतील शुद्धिहरणतज्ञांचा तुटवडा लक्षात घेऊन भारतात पदवीधर डॉक्टरांना जीवरक्षक संवेदनाहरणाचे अल्पकालीन प्रशिक्षण देण्याची योजना राबविण्यात आली. तिचा उद्देश तातडीच्या प्रसूतीत जीव वाचविणे हा आहे. जोडशस्त्रक्रियांची सोय करणे हा नव्हे.

निरनिराळ्या जोडशस्त्रक्रिया : अंडवाहिनीबंधनासाठी वेगळ्या संवेदनाहरणाची गरज पडत नाही. राल्फ पॉमरॉय यांच्या, १९३० मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत वाहिनीच्या मध्यभागाचा फास उचलून तो शरीरात विरघळणाऱ्या धाग्याने बांधतात व वरचा भाग कापतात. हे सर्व मूळ छेदातूनच होते. अलीकडे काही देशांत वाहिन्या संपूर्ण काढण्याकडे कल आहे, कारण त्यामुळे अंडकोशाच्या कर्करोगाचा संभव घटतो. त्यास थोडा अधिक वेळ लागतो. अंडकोशावर संशयास्पद गाठ आढळल्यास ती काढणे इष्ट असते. तंतुस्नायू अर्बुदांपैकी देठ असलेली काढता येतात. गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेली अर्बुदे मात्र रक्तस्रावाच्या भीतीने सामान्यतः तशीच सोडतात.

नाभी अंतर्गळाचे स्थान दहाव्या वक्षीय तंत्रिकेच्या क्षेत्रात, म्हणजे बधिर झालेल्या भागात मोडते. त्यामुळे संवेदनाहरणाची अडचण नसते, परंतु पोटाची भिंत ताणून सैल झालेली असल्याने दुरुस्ती टिकेल काय, हा प्रश्न उरतो. मूळव्याधीच्या जागेची बधिरता मेरुरज्जू संवेदनाहरणात उत्तम येते. तथापि गर्भावस्थेतील मूळव्याध प्रसूतीनंतर बहुधा आपोआप ओसरते, आणि नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीचे पाय उचलून बांधल्याने व पुन्हा खाली घेतल्याने रक्तदाबात चढउतार होतात. तेव्हा ती शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच श्रेयस्कर. निरोगी आंत्रपुच्छ केवळ दिसले म्हणून काढू नये. स्तनातील गाठ काढावयाची झाल्यास मेरुरज्जू संवेदनाहरण तेथवर खात्रीने पोहोचत नाही. ते मुद्दाम वर चढविणे श्वसनास घातक असते, म्हणून तेथे स्वतंत्र स्थानिक संवेदनाहरण द्यावे लागते. गाठीविषयी दाट शंका नसेल, तर स्तनांतील वाढलेला रक्तपुरवठा लक्षात घेता थांबणे बरे.

संमती : संवेदनाहरणाच्या पद्धतीचा रुग्णाच्या संमतीशी निकट संबंध आहे, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. जोडशस्त्रक्रियेची संमती आधी, पूर्ण भानावर असताना व समजून घेऊन दिलेली असावी लागते. वेणा चालू असताना किंवा गुंगीचे औषध दिल्यावर घेतलेली सही पुरेशी नसते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका प्रकरणात, तपासणीसाठी शुद्धिहरणाखाली असलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढले गेले, ते अनधिकृत ठरविले. जीव वाचविण्यासाठी तत्काळ आवश्यक नसेल, तर एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीस लागू पडत नाही, असे त्या निवाड्याचे सार आहे. भारतातील कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेच्या शासकीय नियमांनुसारही स्त्रीची स्वतःची संमती आवश्यक असून पतीची संमती सक्तीची नाही.

मेरुरज्जू संवेदनाहरणाखालील स्त्री जागी असते, मुलाचे रडणे ऐकते, डॉक्टरांचे बोलणे समजू शकते. मूल अशक्त निघाले, त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागले, तर अंडवाहिनीबंधन थांबविण्यास ती सांगू शकते, आणि असे सांगितल्यास ते थांबविलेच पाहिजे. पूर्ण शुद्धिहरणाखालील स्त्रीला ही संधी नसते. म्हणून अशा वेळी मुलाच्या प्रकृतीविषयी शंका असली, तर लेखी संमती असूनही वाहिन्या न बांधणे हा पुष्कळ अनुभवी प्रसूतितज्ञांचा शिरस्ता आहे. अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाहणीत, तिशीच्या आत वंध्यीकरण झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांनी पुढील चौदा वर्षांत त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. तिशीनंतर झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. वाहिन्या प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर लहान छेदातून बांधता येतात, त्यामुळे थांबल्याने फारसे बिघडत नाही. मात्र त्यासाठी वेगळे संवेदनाहरण व रुग्णालयात दुसरी खेप पडते, आणि दूरच्या खेड्यातील स्त्रीला ती खेप बऱ्याचदा जमत नाही. दोन्ही बाजूंचे हे वजन प्रसूतीपूर्व तपासणीच्या काळातच तिच्यापुढे मांडले जावे, अशी अपेक्षा असते.

शस्त्रक्रियेनंतर : जोडशस्त्रक्रियेमुळे नंतरच्या वेदनेत सहसा थोडीच भर पडते, अंतर्गळाची दुरुस्ती मात्र याला अपवाद आहे. मेरुद्रवात ०·१ ते ०·१५ मिग्रॅ. मॉर्फीन दिलेले असल्यास वेदनाशमन बारा ते चोवीस तास टिकते. खाज सुटणे व मळमळणे हे त्याचे नेहमीचे त्रास होत. क्वचित श्वसन मंदावते म्हणून रात्रभर लक्ष ठेवावे लागते. मॉर्फीन न दिल्यास पोटाच्या भिंतीतील तंत्रिकांभोवती दोन्ही बाजूंस संवेदनाहारक टोचतात. पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन यांनी स्तनपानास बाध येत नाही. कोडीन मात्र देत नाहीत, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्याचे मॉर्फिनात रूपांतर फार वेगाने होते व ते दुधातून बालकाला मिळून त्याचे श्वसन मंदावू शकते.